परमुलखातील तरुण प्रचारक आणि आपली घरे

पोटासाठी परमुलखात जाणारा मुलगा आपल्याला नवा नाही. गडचांदूरच्या परिसरात चुनखडकाच्या खाणी निघाल्या, सिमेंटचे कारखाने उभे राहिले, तेव्हापासून कितीतरी प्रांतांची माणसे येथे कामाला आली. आणि आपलीही मुले पुण्याला, हैदराबादेला, समुद्रापलीकडच्या अरबी मुलखांत गेली. मुलगा नोकरीवर निघाला म्हणजे आई पदराने डोळे पुसते, बाप उसनवारी करून भाड्याचे पैसे उभे करतो, शेजारीपाजारी त्याला मोटारीपर्यंत पोचवावयास येतात. परंतु केवळ धम्म सांगावयाचा म्हणून घर सोडून परक्या लोकांत राहावयास गेलेला मुलगा आपल्या किती घरांतून निघाला? हा प्रश्न आज आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत.

तो कोणाला दोष देण्यासाठी नव्हे. नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांची एक तक्रार आमच्या कानी नेहमी येते. गावात भिक्खू येत नाहीत, विवाहविधी नीट सांगणारा मिळत नाही, विहार बांधला पण त्याला बाराही महिने कुलूप असते. तक्रार खरी आहे. पण भिक्खू आकाशातून पडत नाहीत आणि प्रचारक जमिनीतून उगवत नाहीत. ते कोणाच्या तरी घरातूनच निघावे लागतात. ज्या दिवशी ‘आमच्या गावाला कोणी पाठवा’ या मागणीबरोबर ‘आमच्या घरचा एक घ्या’ असा शब्द निघेल, त्या दिवशी ही तक्रार मिटू लागेल.

एका लहान पंथाची शिस्त

दुसऱ्यांच्या घरात या बाबतीत काय चालते ते पाहणे उपयोगाचे असते. अमेरिकेत जोसेफ स्मिथ याने १८३० साली एक ख्रिस्ती पंथ काढला. त्याच्या अनुयायांना लोक मॉर्मन म्हणतात. या पंथाचा प्रारंभी फार छळ झाला. १८४४ साली तुरुंगात असलेल्या स्मिथला जमावाने ठार मारले. गावोगाव हुसकलेले त्याचे अनुयायी १८४७ साली शेकडो कोसांची वाट तुडवीत यूटाच्या ओसाड प्रदेशात गेले आणि तेथे त्यांनी वस्ती केली. हुसकले जाणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

या पंथाने पहिल्यापासून एक गोष्ट धरून ठेवली. घरातील तरुणाने आयुष्याची काही वर्षे धर्म सांगण्यासाठी द्यावयाची. आज मुलगा अठरा वर्षांचा झाला म्हणजे दोन वर्षांसाठी जाऊ शकतो. मुली दीड वर्षासाठी जातात. २०२४ च्या अखेरीस असे पूर्ण वेळ प्रचारक सत्तर हजारांहून अधिक होते. कोठे जावयाचे हे मुलगा ठरवीत नाही. पंथाकडून नेमणूक येते आणि तीत जो देश लिहिला असेल तेथे जावयाचे. काही आठवडे त्या देशाची भाषा शिकविली जाते. पगार नाही, खर्च बहुधा तो स्वतः व त्याचे कुटुंब सोसते. पांढरा सदरा, छातीवर नावाची पट्टी, पहाटे ठरल्या वेळी उठणे, रात्री ठरल्या वेळी निजणे. एकट्याने कोठेही जावयाचे नाही, सदैव दोघांनी. २०१९ पर्यंत घरी दूरध्वनी करण्याची मुभा वर्षातून केवळ दोनदा होती, नाताळला आणि मातृदिनाला. त्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून आठवड्यातून एकदा बोलता येऊ लागले.

हे वाचून आपण भारावून जावे अशी आमची इच्छा नाही. याच पंथाने कृष्णवर्णी पुरुषांना पौरोहित्याचा अधिकार १९७८ पर्यंत नाकारला होता. जगाच्या दारोदार जाऊन ‘या’ म्हणावयाचे आणि आत आलेल्या माणसाच्या कातडीचा रंग पाहून त्याला उंबऱ्यावर थांबवावयाचे, हा व्यवहार कसला, ते महाडचे पाणी ज्यांना आठवते त्यांना सांगावयास नको. पुढे तो नियम मोडला, हे चांगले झाले. पण तो होता, हे विसरता येत नाही. प्रचारकांची संख्या मोठी म्हणजे धर्म मोठा, असे मानण्याचे कारण नाही. धर्माची परीक्षा तो माणसाला माणसाशेजारी कसा बसवितो यावर व्हावयाची. तथापि शिस्त ही गोष्ट कोणाच्याही घरची असली तरी पाहून शिकण्यासारखी असते.

मुसलमानी देशातील कसोटी

या तरुणांची खरी कसोटी लागली ती जेथे त्यांचे बोलणे ऐकण्यास कोणी बांधील नव्हते अशा देशांत. १८८४ च्या अखेरीस त्यांचा पहिला प्रचारक, जेकब स्पोरी, तुर्की साम्राज्याची राजधानी इस्तंबूल येथे उतरला. मुसलमान माणसाने आपला धर्म सोडणे हे त्या समाजात जिवावरचे धाडस होते. त्यामुळे या प्रचारकांचे बोलणे ऐकले ते मुख्यतः आर्मेनियन ख्रिस्ती लोकांनी, ऐंताबसारख्या गावांत. हैफा बंदरात दोघा तरुण प्रचारकांच्या कबरी आहेत. एक ॲडॉल्फ हाग याची. तो १८९२ साली तेथे वारला. दुसरी जॉन क्लार्क याची. त्याला १८९५ साली देवीच्या रोगाने गाठले. दोघेही तिशीच्या आतले. त्यांच्या आयांनी आपल्या मुलांच्या कबरी कधी पाहिल्या असतील असे वाटत नाही.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धात व त्यानंतर आर्मेनियन लोकांवर जे अनर्थ कोसळले त्यात ऐंताबमधील या पंथाची कुटुंबेही सापडली. १९२१ च्या डिसेंबरात जोसेफ बूथ या प्रचारकाने त्यांना तेथून काढून अलेप्पो शहरी सुरक्षित पोचविले. प्रवचने देण्यासाठी पाठविलेल्या माणसाला गाड्यांची, परवान्यांची आणि भाकरीची चिंता वाहावी लागली. आमच्या मते त्याच्या साऱ्या प्रवचनांपेक्षा ते काम मोठे होते.

अलीकडचा काळ पाहा. इंडोनेशियात हे प्रचारक १९७० साली गेले. त्या देशात मुसलमानांची वस्ती जगातील कोणत्याही देशापेक्षा अधिक. पण राज्याच्या पाच मूलतत्त्वांना नाव मात्र आपल्या ओळखीचे, पंचशील. बौद्ध धर्माला तेथे राजमान्यता आहे, वैशाखी पौर्णिमेला १९८३ पासून राष्ट्रीय सुट्टी असते, आणि बोरोबुदूरचा हजारांहून अधिक वर्षांचा स्तूप त्या मुसलमानी देशाचे भूषण म्हणून जपला जातो. तरीही १९७८ साली तेथील धर्ममंत्रालयाने दोन आज्ञा काढल्या. ज्याला स्वतःचा धर्म आहे त्याला उद्देशून दुसऱ्या धर्माचा प्रचार करावयाचा नाही, दारोदार हिंडावयाचे नाही. आणि परदेशातून धर्मासाठी येणाऱ्या मदतीवर निर्बंध. परदेशी तरुणांचे येणे घटले. मग काम कोणी केले? त्याच देशातील मुलामुलींनी. मलेशियाच्या राज्यघटनेतही मुसलमानांत अन्य धर्माचा प्रचार करण्यावर राज्यांना कायद्याने बंदी घालता येते. बाकीचे आपापल्या धर्माने राहतात, उत्सव करतात, मंदिरे व विहार चालवितात. पण ती एक सीमा ओलांडावयाची नाही. ‘मुसलमानी देश’ असे एका शब्दात म्हणून भागत नाही, हे यावरून ध्यानात येईल. प्रत्येक ठिकाणचा कायदा निराळा, रिवाज निराळा, शेजारी निराळा.

अशा देशात एकोणीस वर्षांचा मुलगा जातो तेव्हा त्याचे काय होते, याचा विचार करा. घरी तो वर्गात पहिला येणारा असेल. येथे तीन वर्षांच्या पोरासारखा बोलतो आणि बाजारातली मुले त्याला हसतात. पहाटेच्या बांगेने त्याची झोप मोडते. रमजानच्या महिन्यात सारे गाव उपाशी असताना त्याने रस्त्यात उभे राहून खाणे शोभत नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नसले तरी समजून घ्यावे लागते. पाहुणा आला की पुढे चहाचा पेला किंवा कॉफी यावयाची, आणि याच्या धर्माने तर चहा व कॉफी दोन्ही वर्ज्य! नको म्हणावे तर यजमानाचा अपमान, घ्यावे तर आपला नियम मोडतो. अशा वेळी त्याला नम्रपणे पाणी मागावयास शिकावे लागते. पण दारू हाही पीत नाही आणि यजमानही पीत नाही. याच्या पंथात महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचे जेवण सोडून त्याचे पैसे गरिबांस देण्याची चाल आहे, आणि यजमानाला उपवास व दान काय ते सांगावयास नको. चहाच्या पेल्यावरून दुरावलेली दोन माणसे उपवासावरून जवळ येऊ शकतात. आपले पाचवे शील येथे आठवावे. मद्य वर्ज्य करणाऱ्या आपल्या मुलाला कोणत्याही मुसलमान शेजाऱ्याच्या घरी त्याबद्दल खुलासा करावा लागणार नाही.

याहून कठीण कसोटी मनाची. महिनामहिना कोणी ऐकत नाही, दारे लागतात, घरची आठवण येते. अशा वेळी तरुणापुढे दोन वाटा उघडतात, आणि दोन्ही वाईट. भोवतालचे सारे लोक अज्ञानी व हट्टी आहेत असे तो मनाशी ठरवितो आणि त्यांचा तिरस्कार करू लागतो, ही एक. दुसरी अशी की त्यांच्यात मिसळण्याच्या नावाखाली तो आपले एकेक व्रत सोडीत जातो, आणि शेवटी जे सांगावयास आला तेच हरवून बसतो. पहिल्याला लोक ऐकत नाहीत. दुसऱ्याजवळ सांगण्यासारखे काही उरत नाही. आपले शील न सोडता दुसऱ्याच्या ओसरीवर आदराने बसता येणे, ही मधली वाट. आणि तीच शिकावयास वेळ लागतो.

ही वाट आपल्याच घरची

हे उदाहरण दुसऱ्याचे; वाट मात्र आपलीच आहे. बहुजनांच्या हितासाठी व सुखासाठी फिरत राहा, ही आज्ञा भगवान बुद्धांनी आपल्या पहिल्या साठ अर्हत शिष्यांना दिली. पुण्ण नावाचा एक भिक्खू होता. सुनापरांत हा त्याचा मूळ प्रदेश. तेथे जाऊन राहण्याची त्याने परवानगी मागितली तेव्हा भगवंतांनी त्याला विचारले, की तेथील लोक तापट आहेत. त्यांनी तुला शिव्या दिल्या तर तू काय करशील? पुण्ण म्हणाला, हाताने मारले नाही एवढे हे भले लोक, असे मी समजेन. हाताने मारले तर? ढेकळांनी मारले नाही, असे समजेन. ढेकळे झाली, काठी झाली, शस्त्र झाले; शेवटी, त्यांनी तुला ठारच मारले तर? त्यावरही पुण्णाच्या उत्तरात राग आला नाही. एवढी सहनशीलता असेल तर तू तेथे राहू शकशील, असे म्हणून भगवंतांनी त्याला निरोप दिला. त्याच वर्षावासात पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका त्याच्या हातून धम्मात आल्या, असे मज्झिमनिकायात सांगितले आहे.

या कथेतील एक गोष्ट आमच्या वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी. तू सूत्रे किती पाठ केलीस, वादात किती जणांना हरविलेस, असे भगवंतांनी पुण्णाला विचारले नाही. अपमान झाल्यावर तुझ्या मनाचे काय होईल, एवढेच विचारले. प्रचारकाची प्रवेशपरीक्षा म्हणतात ती हीच.

हा पुण्ण दूरदेशीचा नव्हे. त्याची परंपरा विद्वानांनी शूर्पारकाशी, म्हणजे आजच्या ठाणे व पालघरकडील नालासोपाऱ्याशी, जोडली आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली तेथील स्तूप उकरला. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही त्याच गावी सापडले. अशोकाच्या काळी जे धम्मदूत चोहोकडे गेले त्यांत अपरांतात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत, आलेला स्थविर यवन धम्मरक्खित होता, असे सिंहली इतिहासग्रंथ सांगतात. यवन म्हणजे ग्रीक. त्याला येथील भात रुचला असेल का? येथील पाऊस सोसला असेल का? आपल्या भूमीला धम्म सांगणाऱ्यांत एक परदेशी मनुष्य होता, आणि तो येथे राहावयास शिकला, एवढे मात्र आपण कृतज्ञतेने म्हणू शकतो. आपल्या जिल्ह्यात भद्रावतीजवळ विजासनची लेणी आहेत. ती खोदविणारा संघही कोणत्या तरी वाटेने चालतच आला असेल.

जवळच्या काळातील मराठी माणसाचे उदाहरण हवे असेल तर धर्मानंद कोसंबी यांचे घ्या. गोव्यातील साखवाळ गावी १८७६ साली त्यांचा जन्म. घरी संसार असताना बुद्धाच्या धर्माचे ज्ञान मिळवावयाचे या एका ध्यासाने त्यांनी १८९९ साली घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बुद्धगया असे भटकत ते १९०२ साली सिंहलद्वीपात पोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली ते श्रामणेर झाले. पाली ग्रंथ तेथे सिंहली लिपीत, म्हणून आधी लिपी गिरवावी लागली. पुढे ब्रह्मदेशात गेले तेथे लिपी आणखी वेगळी. जाणत्या वयाच्या, शिकल्यासवरल्या माणसाने पुन्हा मुळाक्षरे गिरविली. ते शिकावयास गेले होते, सांगावयास नव्हे. परंतु सांगण्याचे बळ त्या शिकण्यातून आले.

आणि उलट दिशेनेही पाहा. जपानमध्ये १९३५ साली जन्मलेले भदंत सुरई ससाई तरुणपणी भारतात आले, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस नागपूरला पोचले. भाषा वेगळी, अन्न वेगळे, उन्हाळा असा की विदर्भाच्या माणसालाही नको होतो. पण ते इंदोऱ्याच्या वस्तीत राहिले, हिंदी शिकले, लोकांच्या सुखदुःखात बसले आणि पुढे भारताचे नागरिक झाले. बुद्धगयेच्या महाविहाराच्या लढ्यात ते अग्रभागी राहिले. पाठविणाऱ्यांनी त्यांना पाठविले. पण ठेवून घेतले ते नागपूरच्या गरीब उपासकांनी. त्यांच्या ताटात ज्यांनी पहिली भाकर वाढली त्या अनाम आयाबहिणींचा या धम्मकार्यात वाटा आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९५० साली ‘महाबोधि’ मासिकात बुद्ध आणि त्यांच्या धर्माचे भवितव्य या विषयावर लेख लिहिला, तेव्हा भिक्खुसंघाने लोकांत जाऊन सेवा करावी आणि त्या बाबतीत ख्रिस्ती मिशनऱ्यांकडून शिकण्यासारखे आहे, असे स्पष्टपणे मांडले होते. भिक्खू हा केवळ स्वतःच्या पूर्णतेसाठी आहे की समाजाचा सेवक आहे, हा प्रश्न त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या आरंभीच उभा केला. दुसऱ्यांची शिस्त पाहण्यात कमीपणा मानू नये, हा धडा आपल्याला त्यांनीच घालून दिला आहे.

आपला मुलूख आणि आपला अनुभव

परधर्मीयांच्या राज्यात आणि शेजारात कसे राहावे, हे गडचांदूरच्या माणसाने पुस्तकातून शिकण्याचे कारण नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा राजुऱ्याचा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरकारी कारभार उर्दूत चाले. पुढे हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यातून १९५६ साली नांदेडला व १९५९ साली चांदा जिल्ह्याला जोडला गेला. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली तेव्हा चांदा मध्यप्रदेश राज्यात होता आणि वर्धा नदीच्या या तीरावरचा आपला भाग अजून हैदराबाद राज्यात. त्या दिवशी या बाजूने जो कोणी चांद्याला गेला असेल त्याने नदी ओलांडली आणि राज्याची सीमाही ओलांडली.

त्याच बाबासाहेबांनी १९४७ च्या नोव्हेंबरात, पाकिस्तान व हैदराबाद येथील अस्पृश्यांवर धर्मांतराचा दाब येत असता, भयापोटी किंवा सुटका म्हणून धर्म बदलू नका, आणि ज्यांच्यावर सक्ती झाली असेल त्यांना परत येण्याची वाट मोकळी आहे, असे जाहीर केले होते. त्यानंतर नऊ वर्षांनी त्यांनी स्वतः धर्मांतर केले. या दोन गोष्टींत विसंगती नाही. भयाने बदललेला धर्म ही शरणागती होय. विचाराने स्वीकारलेला धम्म ही मुक्ती होय. जो प्रचारक हा भेद विसरेल तो कोणत्याही धर्माचा असो, आपल्या कामाचा नाही.

हक्क आणि त्याची कुंपणे

आपल्या घटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने विवेकाचे स्वातंत्र्य आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क सर्व व्यक्तींना दिला आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीती व आरोग्य यांच्या मर्यादेत. केवळ नागरिकांना नव्हे, सर्व व्यक्तींना. पण १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा अर्थ लावला की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही. ओरिसाने १९६७ साली व मध्यप्रदेशाने १९६८ साली धर्मांतराविषयी कायदे केले, आणि पुढे इतर काही राज्यांनीही केले. धर्म बदलणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याकडे आधी कळवावे, अशा अटी काहींत आहेत.

जगाच्या पातळीवर पाहिले तर १० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील १८ व्या कलमाने धर्म बदलण्याचे स्वातंत्र्य मान्य केले. त्या वेळी सौदी अरबस्तान तटस्थ राहिला, परंतु पाकिस्तानचे जफरुल्ला खान त्या कलमाच्या बाजूने बोलले. दोन्ही मुसलमानी देशच. तेव्हा या प्रश्नावर कोणत्याही धर्माची सारी माणसे एका बाजूला टाकणे अन्यायाचे होईल. इंडोनेशियातील १९७८ ची आज्ञा आपल्याला जाचक वाटत असेल, तर आपल्या देशातील तशा कायद्यांकडेही त्याच डोळ्यांनी पाहिले पाहिजे. आणि आपल्याला धर्म बदलण्याचे स्वातंत्र्य हवे असेल, तर आपल्या मुलाने उद्या आपल्या मनाविरुद्ध दुसरा धर्म निवडला तरी त्याचेही ते स्वातंत्र्य मानण्याची तयारी हवी. आम्ही जाणतो की हे वाक्य पुष्कळांना रुचणार नाही. परंतु हक्क एका हाताने मागावयाचा आणि दुसऱ्या हाताने नाकारावयाचा, हे बाबासाहेबांच्या अनुयायांना शोभणारे नव्हे.

घराने काय करावे?

आता आपल्या घराकडे वळू. परमुलूख म्हणजे समुद्रापलीकडचाच, असे समजू नये. गडचांदुराहून जिवतीच्या डोंगराकडे चढा. कोलामांचे पोड लागतात, गोंडांची गावे लागतात, तेलुगू बोलणारी वस्ती लागते. दोन-तीन कोसांत भाषा बदलते. तेथे आपला मुलगा तितकाच परका असतो, जितका हैफ्याच्या बाजारात तो तरुण क्लार्क होता.

आमची पहिली सूचना अशी की एकदम वर्षांचा विचार करू नका. एका वर्षावासाचे तीन महिने द्या. जे घर मुलाला तीन महिन्यांसाठी कापूस वेचावयास किंवा कारखान्याच्या ठेक्यावर धाडू शकते, ते त्याला तीन महिने धम्मासाठीही देऊ शकेल; आणि ज्या घराला ती मजुरी बुडवणे परवडत नाही त्याचा भार वस्तीतल्या दहा घरांनी वाटून घ्यावा. शासनाची वाट पाहू नये, श्रीमंत देणगीदाराचीही पाहू नये. ज्याचे अन्न खाऊन प्रचारक जातो त्याची भाषा त्याच्या तोंडी येते. म्हणून तो आपल्याच भाकरीवर गेलेला बरा.

दुसरी सूचना: दोघांनी जावे, एकट्याने नव्हे. मुली जात असतील तर त्यांनाही जोडीने पाठवावे. आणि मुली जाव्यात असा आमचा आग्रह आहे. चुलीपर्यंत आणि आजारी बाळंतिणीपर्यंत जो शब्द पोचावयाचा तो उपासिकाच पोचवू शकतील.

तिसरी सूचना जिभेची. जाण्यापूर्वी गोंडी, कोलामी किंवा तेलुगूतील निदान शंभर शब्द शिकावे. आणि गेल्यावर पहिला महिना बोलण्यापेक्षा ऐकावे. बावीस प्रतिज्ञा आपण आपल्या घरी कसोशीने पाळाव्या. दुसऱ्याच्या अंगणात जाऊन त्याच्या देवाला शिव्या देणे म्हणजे प्रतिज्ञा पाळणे नव्हे. आदिवासींच्या देवाला आणि डोंगराला हसणारे पुष्कळ येऊन गेले. आपल्या बापजाद्यांनाही असेच कोणी हसत होते. ज्यांनी आपल्याला हीन लेखले त्यांची जागा आपण दुसऱ्याच्या अंगणात घ्यावयाची काय? कोलामाने काय मानावे हे कोलाम ठरवील. आपण माणूस म्हणून जावे, त्याच्या मुलाला अक्षर शिकवावे, वनहक्काचा अर्ज भरून द्यावा, तापाच्या माणसाला दवाखान्यात न्यावे. तो विचारील तेव्हा बुद्धाचे सांगावे. विचारणार नाही तेव्हाही काम करावे.

चौथी सूचना: डोकी मोजू नका. कोणाला लुगडे, पैसा किंवा नोकरीची आशा दाखवून धम्मात आणू नका. कायद्याच्या भीतीने नव्हे; आपला धम्म लाचेने घेता येत नाही म्हणून.

आणि शेवटची सूचना केवळ आईबापांसाठी. एखादी माता विचारील, “माझे पोर तेथे काय खाईल, कोठे निजेल, आजारी पडले तर कोण पाहील?” हा प्रश्न दुबळेपणाचा नाही. हैफ्यातील त्या दोन कबरी या प्रश्नाची साक्ष देतात. म्हणून पाठविणाऱ्या मंडळाने आधी राहण्याचे घर, जवळचा दवाखाना आणि आठवड्याचा निरोप यांची सोय करावी, मगच मुलाला निरोप द्यावा. प्रचारकाला उपाशी किंवा निराधार सोडणे यात त्याग नाही. तो बेफिकीरपणा आहे. तीन महिन्यांनी तो परत येईल तेव्हा ‘किती जणांना दीक्षा दिलीस?’ असे विचारू नका. त्याला विचारा, कोणाच्या घरी जेवलास, कोणती भाषा शिकलास, कोणी अपमान केला तेव्हा काय केलेस. पुण्णाला भगवंतांनी हेच विचारले होते.

उपासक-उपासिका हो, आपल्या घरातील भिंतीवर तथागताची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. दोघांनीही घर सोडले तेव्हा त्यांना कोणी तरी निरोप दिला नसेल, कोणी तरी रडले असेल. आपल्या मुलाला मात्र निरोप देणारे आपण आहोत. येत्या आषाढी पौर्णिमेपूर्वी गडचांदूर, राजुरा, कोरपना व जिवती येथील वस्त्यांनी बैठका घ्याव्या आणि आपापल्या वस्तीतून दोन तरुण व दोन तरुणी या वर्षावासासाठी द्याव्या, अशी आमची विनंती आहे. विहाराचे कुलूप उघडावयाचे असेल तर आधी घराचे दार उघडावे लागेल.

जय भीम!